पहिला रकाना

प्रिंटर गेला त्याला आता चौदा महिने झाले.
चार माणसं लागली, सामानाच्या लिफ्टचं दार काढावं लागलं,
आणि जाताना त्याच्या पोटातून
कागदाच्या कडांच्या भोकांच्या गोल टिकल्या सांडत राहिल्या
थेट बार्टन स्ट्रीटच्या बर्फापर्यंत.

प्रोग्रामला कुणी कळवलंच नाही.
तो अजून रात्री अडीचला उठतो,
डेटाबेसमधून पोलादवाल्यांच्या पेन्शनची यादी उपसतो
आणि दर ओळीच्या आधी, सवयीनं,
एक चिन्ह ठेवतो प्रिंटरसाठी.
एक म्हणजे नवं पान घे.
शून्य, एक ओळ सोड.
वजा, दोन सोड.
कोरी जागा म्हणजे चालू दे तुझं.

"पहिला रकाना छापायचा नसतो, पोरी, पाळायचा असतो,"
लेशेक गाव्रॉन म्हणाला होता माझ्या पहिल्या आठवड्यात,
बोटाला शाई, डब्यात बिटाचं लोणचं.

आता यादी जाते ती दुसऱ्या यंत्राकडे.
त्याला कागद ठाऊक नाही. ते पाळत नाही, वाचतं.
त्यामुळे प्रत्येक पानावरचा पहिला माणूस
चारशे बारा डॉलरवरून
दहा हजार चारशे बारावर गेला,
आणि प्रत्येक खात्याचा पहिला, वजाच्या मागे उभा,
रातोरात कंपनीचा देणेकरी झाला.
शून्यवाल्यांना काही झालं नाही.
डावीकडचं शून्य कुणाला लागतं?

सकाळी फिलोमेना तार्सितानोचा फोन.
नवरा सदतीस वर्षं कोक भट्टीवर.
"मी तुमचं काय देणं लागते?" तिनं विचारलं,
रागानं नाही. पर्स उघडल्याचा आवाज आला मला.

वरून हुकूम आला: नियंत्रण चिन्हं दाबून टाका.
काम सोपं. दुसऱ्या रकान्यापासून वाचायचं, बस.
मी रात्री थांबले, एक ओळ बदलली,
चाचणी म्हणून जानेवारीची यादी काढली.
एक गेले, शून्य गेली, वजा गेले.
फिलोमेनाचे तीनशे अठ्ठ्याऐंशी सरळ झाले.

मग अधिक.
अधिकाचा मी विचारच केला नव्हता.
अधिक म्हणजे: कागद हलवू नकोस,
त्याच ओळीवर पुन्हा एकदा छाप.
लेशेक ते मेलेल्यांसाठी वापरायचा.
आधी नाव, मग त्याच नावावरून आडव्या रेघा.
आता चिन्ह नाही, म्हणून रेघा खाली उतरल्या होत्या,
आपल्या वेगळ्या ओळीत, रिकाम्या,
आणि वर
इव्हान ह्रिनचुक, कोक भट्टी,
डोमेनिको पास्क्वीनी, क्रेन क्रमांक नऊ,
एलस्पेथ मॅकर्न, पत्रा तपासणी,
एकूण एकतीस जण,
स्वच्छ, अंगावर ओरखडा नाही,
पुढे फेब्रुवारीची रक्कम.

लेशेक आता स्टोनी क्रीकला असतो, झोप त्याला येत नाहीच.
सगळं ऐकून घेतलं त्यानं. रेडिओ बारीक केला.
म्हणाला, "रेघ अशी बसवली होती मी
की खालचं नाव वाचता यावं.
बायका फोन करायच्या, यादीत आहे का म्हणून.
खरं सांगता यायचं, आहे."
मग जरा वेळानं,
"मृत्यूची तारीख घाल वेगळ्या रकान्यात. तसंच करतात आता."

तसंच केलं.
अधिक दिसला की मागच्या ओळीला खूण,
खूण असली की रक्कम थांबव, रेघा टाकून दे.
अकरा ओळींचा कोड, तपासला दोनदा.

पण तो चालवण्याआधी
मी ती यादी पडद्यावर तशीच राहू दिली.
व्हेंडिंग मशीनची कॉफी आणली, ती प्यायले.
बाहेर गिरणीची एकच चिमणी धुरत होती, तळ्याकडे कललेली.
एकतीस जण. मी सगळी नावं वाचली,
पास्क्वीनीचं स्पेलिंग चुकलं होतं, ते नीट केलं,

आणि मग एंटर.